जगताप बाईंचं क्यूशू

जगताप बाईंना जपानमधली चेरीची फुलं बघायची नव्हती. बर्फाची टोपी घातलेला तो डोंगर नको होता, सोनेरी देवळं नको होती आणि बंदुकीच्या गोळीसारखी धावणारी ती गाडीही नको होती. त्यांना क्यूशू बेटाच्या उत्तर टोकाला जाऊन कोळसा बघायचा होता. कोळसा, आणि त्याच्या जोरावर उभा राहिलेला पोलादाचा कारखाना. अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये हे ज्यांनी ऐकलं त्यांनी आधी मनमुराद हसून घेतलं आणि मग त्यांच्या मुलाला, प्रशांतला, बाजूला घेऊन विचारलं, "आईंची तब्येत बरी आहे ना?"

तब्येत ठणठणीत होती. बाई कराडच्या मुलींच्या शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि दर दोन वर्षांनी सहा महिन्यांच्या बोलीवर अमेरिकेत यायच्या. आईला 'अमेरिका दाखवायला' बोलवायची आपल्याकडे पद्धत आहे. अमेरिका म्हणजे टाउनहाऊसचं स्वयंपाकघर, मागचं हातरुमालाएवढं अंगण आणि नातवंडाची शाळा. प्रशांत आणि सून मेघना दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, नात रिया आठ वर्षांची. आजी आली की उन्हाळी शिबिराची कटकट मिटते, पोळ्या ताज्या मिळतात आणि संस्कारही घरपोच होतात. एखाद्या रविवारी गोल्डन गेट ब्रिजवर नेऊन वाऱ्यात पदर सांभाळणाऱ्या आईचा फोटो काढला की मुलगा कर्तव्यातून मोकळा होतो.

माझी आणि बाईंची ओळख गाडीमुळे झाली. मी दोन दारं पलीकडे राहायचे. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेली बायको, सरकारी भाषेत 'डिपेंडंट'. नागपूरला मी बँकेत ऑफिसर होते. इथे मला नोकरी करायला बंदी होती, गाडी चालवायला नव्हती. त्यामुळे आमच्या कॉम्प्लेक्समधल्या समस्त आईवडिलांना लायब्ररीत, देवळात आणि इंडियन ग्रोसरीत पोचवायचं खातं न मागता माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बसा काकू."

त्या गाडीचं दार धरून उभ्याच राहिल्या. "मी कुणाची काकू नाही. मला दीरच नव्हता. बाई म्हण."

"बसा बाई."

बसल्या. पट्टा लावला. मग म्हणाल्या, "आत्ता आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे?"

"मोरी ॲव्हेन्यूकडे," मी म्हटलं.

"ती दिशा नव्हे."

हा प्रश्न त्यांनी फ्रीमाँटमध्ये कुणाला विचारला नाही असं नाही. रोज फ्रीवेवरून ऑफिसला जाणाऱ्या, तीन-तीन पदव्या घेतलेल्या माणसांना उपसागर आपल्या कुठल्या अंगाला आहे हे सांगता येत नसे. त्यांना फक्त एक्झिटचे नंबर माहीत. एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, बाईंनी हातात छोल्यांची ताटली घेऊन सर्वांना सांगितलं, "तुमच्या या गावाखालून भूकंपाची भेग गेलीय. ठाऊक आहे का?"

"हो काकू, ऐकलंय," प्रशांतचा मित्र संजय म्हणाला. "पण इथला स्कूल डिस्ट्रिक्ट खूप चांगला आहे."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं जाऊन आणखी दहीभात घेतला.

दिसायला त्या बारीक, ताठ. सुती साडी, पायात रियाच्या शाळेजवळच्या सेलमधून घेतलेले पांढरे बूट आणि अंगात प्रशांतच्या कंपनीनं फुकट वाटलेलं जाकीट. त्या कंपनीचं दिवाळं वाजून तीन वर्षं झाली होती, जाकीट मात्र मजबूत निघालं. बोलणं तुटक. स्तुती केली तर संशय घ्यायच्या. कुणी "इंडियाला जाणार" म्हणालं की "इंडियात कुठं?" असं विचारायच्या, आणि "पुणे" म्हटलं की "पुण्यात कुठं?" शेवटी माणूस आपल्या गल्लीचं नाव सांगून मोकळा व्हायचा. बागेतल्या बाकावर बाकीच्या आजी सुनांचे गुणदोष मांडत बसायच्या, तेव्हा बाई समोरच्या वाळक्या टेकड्यांकडे बघत पाऊस नेमका कुठल्या उतारावर पडत असेल याचा विचार करायच्या. सुनेबद्दल त्यांचं एकच मत होतं, ते त्यांनी मला सांगितलं, "मेघना चांगली आहे. तिला वेळ नाही, एवढंच."

स्वयंपाकघरात फ्रिजवर रियाच्या कामांचा पांढरा फळा होता. त्यावर बाई हात न उचलता जपान काढायच्या. वरून खाली, होक्काइडो, होन्शू, कुशीत शिकोकू आणि तळाशी क्यूशू.

"Aaji, it looks like a seahorse," रिया म्हणाली.

"बेटं आहेत ती. नावं सांग."

रियानं चारही नावं सांगितली, तीही अगदी कराडी उच्चारात. मेघनानं आपला 'दूध, कपडे, होमवर्क' हा मजकूर कोपऱ्यात सरकवून घेतला.

या क्यूशूचं मूळ मला एकदा लायब्ररीतून परत येताना कळलं. मी सहज म्हटलं होतं, "बाई, कोळशात बघण्यासारखं काय असतं?" त्यांनी मांडीवरची पुस्तकं नीट रचली. मग सांगायला लागल्या. उत्तर क्यूशूचा औद्योगिक प्रदेश हा धडा त्यांनी दरवर्षी शिकवला. कोळशाच्या खाणी, जवळ बंदर, यावाताचं पोलाद, आयात कच्चं लोखंड, सगळं तोंडपाठ. एका वर्षी शिंदे नावाच्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, तुम्ही बघितलाय का तो कारखाना?" वर्ग हसला. तिच्या प्रश्नात खोडी नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग काय सांगितलंत तुम्ही?"

"वर्गाबाहेर उभं केलं तिला," बाई म्हणाल्या. "उत्तर नव्हतं ना माझ्याजवळ." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी आयुष्यभर पोरींना सांगितलं की जग असं आहे, जग तसं आहे. आणि मी पाहिलं काय, तर कराड आणि हे तुमचं फ्रीमाँट. एक जागा तरी, जी मी शिकवली, ती डोळ्यांनी पाहिली पाहिजे. नाहीतर मी नुसती वाचून दाखवणारी."

मला तेव्हा हसू आलं नाही. नंतरही कधी आलं नाही.

योग जुळून आल्यासारखं वाटलं ते तिकिटामुळे. बाईंचं परतीचं तिकीट टोकियोवरून होतं. ट्रॅव्हल एजंट म्हणाली, हवं तर मध्ये चारपाच दिवस थांबता येईल. बाईंनी संध्याकाळी जेवताना जाहीर केलं, "मी जाताना क्यूशूला उतरणार." प्रशांत म्हणाला, "एकटी? नो वे आई. मी येतो बरोबर." हे तो प्रेमानं म्हणाला, यात शंका नाही. बाईंच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी जो आनंद होता तो मी पुन्हा पाहिला नाही. लगेच आमच्याकडे आल्या आणि चहा न घेता सांगून गेल्या.

पण प्रशांत प्रोजेक्ट मॅनेजर होता. असा माणूस एखाद्या गोष्टीला बरोबर यायला लागला की ती गोष्ट प्रोजेक्ट होते. दर रविवारी सकाळी पोह्यांबरोबर मीटिंग सुरू झाली. लॅपटॉपवर रंगीत एक्सेल शीट. कुठल्या दिवशी काय, कुणाची जबाबदारी काय, आणि 'रिस्क' नावाचा एक वेगळा रकाना, त्यात पहिली रिस्क 'व्हेज फूड'. मेघना म्हणाली, एवढं लांब जातोच आहोत तर रियाला डिस्नेलँड दाखवू. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड गाडीनं एका दिवसाच्या अंतरावर आहे आणि तिथे त्यांनी तिला दोनदा नेलं होतं, पण जपानमधलं वेगळं असतं म्हणे. संजयनं हे ऐकलं आणि तोही बायकोमुलांसह सामील झाला. त्याच्या बायकोला क्योतोची देवळं हवी होती. मग हिरोशिमा आलं, कारण ते 'करायलाच हवं'. गरम पाण्याचे झरे आले. राइस कुकर कुणी न्यायचा यावर एक अख्खा रविवार गेला. खाकरे, मेतकूट, रेडी टू ईट राजमा यांची वाटणी झाली. या सगळ्यात बाईंचं क्यूशू आधी दोन दिवसांचं होतं, मग एका दिवसाचं झालं, मग 'हाफ डे, इफ टाइम परमिट्स' असं.

बाई या मीटिंगांना खुर्ची थोडी मागे घेऊन बसायच्या. एकदा त्यांनी चष्मा लावून त्या शीटकडे बघितलं आणि म्हणाल्या, "प्रशांत, जपान छानच आखलंयस. यातलं माझं कुठलं?"

"आई, सगळं तुझंच आहे. तुझ्यासाठीच चाललोय ना आपण."

बाईंनी चष्मा काढला आणि खुर्ची पुन्हा मागे घेतली.

मी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर त्यांना यावाताची माहिती काढून देत होते. तिथेच एक धक्का बसला. खाणी केव्हाच बंद पडल्या होत्या. कारखान्याची जुनी भट्टी स्मारक म्हणून जपून ठेवली होती आणि तिच्या शेजारी जत्रेतले मोठे पाळणे उभे होते. मी हे वाचून दाखवलं तेव्हा बाई स्क्रीनकडे न बघता स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या.

"म्हणजे शेवटची कित्येक वर्षं मी खोटं शिकवलं."

"पुस्तकात होतं ते शिकवलंत, बाई."

"पुस्तक शिकवायला उभं नव्हतं. मी उभी होते."

मला वाटलं, बेत आता बारगळला. पण पार्किंगमध्ये गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "बंद तर बंद. बंद झालेलंच बघू. निदान होतं कुठं ते तरी कळेल." आणि पट्टा ओढून लावला.

एका रविवारी त्यांना न्यायला गेले असताना मीटिंग चालू होती. मी दारातूनच विचारलं, "बाईंच्या व्हिसाचं झालं का?"

प्रशांतनं वरसुद्धा पाहिलं नाही. "जपानला व्हिसा लागत नाही. आय वॉज देअर लास्ट इयर, ऑफिसच्या कामाला. डायरेक्ट स्टँप मारतात."

मारतात. निळ्या अमेरिकन पासपोर्टवर मारतात. प्रशांतला तो पासपोर्ट मिळून पुरती दोन वर्षं झाली नव्हती. त्याआधी बारा-तेरा वर्षं हाच माणूस पहाटे उठून वकिलातींच्या रांगांत उभा होता, कागदांच्या फायली छातीशी धरून. पण निळा पासपोर्ट हातात आला की जगात दारं असतात, त्यांना कड्या असतात, हे माणूस विसरूनच जातो. त्या टेबलाभोवती बसलेले सगळे निळ्या पासपोर्टचे होते. एकट्या बाईंचा आपला, भारताचा होता. दोन कुटुंबांचं आरक्षण झालं, रजा मंजूर झाल्या, राइस कुकर बॅगेत गेला, आणि ज्या बाईसाठी हा खटाटोप होता तिला जपान आत घेणार का, हे एवढ्या रकान्यांत कुठेच नव्हतं.

निघायला तीन आठवडे उरले तेव्हा त्याच ट्रॅव्हल एजंटनं फोनवर सहज विचारलं, "आणि मदरचा व्हिसा?" दुसऱ्या दिवशी प्रशांतला महत्त्वाची मीटिंग होती, म्हणून मी बाईंना बार्टच्या लोकल गाडीनं सॅन फ्रान्सिस्कोला जपानी वकिलातीत घेऊन गेले. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. रांगेत त्या पुटपुटत होत्या. मी जवळ झाले तर अर्ज करताना काय बोलायचं याची इंग्रजीत उजळणी चालली होती.

खिडकीतली मुलगी अतिशय नम्र होती. तिनं पासपोर्ट दोन्ही हातांनी घेतला, दोन्ही हातांनी परत दिला आणि समजावून सांगितलं. बाई इथे पाहुण्या आहेत. पाहुण्यांना इथून अर्ज करता येत नाही. आपण जिथले रहिवासी, तिथल्या वकिलातीत करायचा, म्हणजे भारतात. मग तिनं मान लववून माफी मागितली.

बाई म्हणाल्या, "I was a teacher. Of geography."

मुलीनं पुन्हा मान लववली. तिच्या हातात तरी दुसरं काय होतं.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसल्या. ओकलंड मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "हे बरोबरच आहे तिचं. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे." मग त्यांनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि तो परत डोळ्यांवर चढवायला बराच वेळ घेतला.

त्या रात्रीच्या जेवणावर मी नव्हते. मेघनानं मला नंतर सांगितलं आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. प्रशांत फार अपसेट झाला होता. फोन फिरवले, चिडला, स्वतःवरही चिडला. बाईंचा इथला मुक्काम वाढवण्यासारखा नव्हता, त्यांचे सहा महिने संपत होते. ट्रिप कॅन्सल करावी असंही तो एकदा म्हणाला. पण तिकिटं परत होणारी नव्हती, संजयच्या मुलांनी शाळेत सांगून ठेवलं होतं, रिया तर बोटांवर दिवस मोजत होती. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुम्ही जा." हे त्या म्हणतील, याची वाट बघत सगळे वरणभात गार करत बसले होते.

मग मार्ग निघाला. प्रोजेक्ट मॅनेजरकडे मार्ग असतोच. सगळे एकाच विमानानं टोकियोला जातील, म्हणजे आईला सोबत होईल. तिथे हे बाहेर पडतील आणि आई विमानतळाच्या आतल्या आतच दुसऱ्या विमानात बसेल. "इट वर्क्स आउट परफेक्टली," प्रशांत मला म्हणाला. आणि शीटवरून क्यूशूचा हाफ डेही निघाला, कारण आईच नाही तर तिकडे जाऊन करायचं काय? त्या जागी गरम पाण्याचा आणखी एक झरा बसला.

दोन दिवसांनी बाई माझ्या दारात आल्या. अंगात तेच जाकीट. "मला त्या तिकीटवाल्या बाईकडे ने. आणि प्रशांतला बोलू नकोस."

एजंटला त्यांनी सांगितलं, "मला टोकियोवरून जायचं नाही. दुसरीकडून द्या. वरचे पैसे मी देते." एजंटनं कॉम्प्युटरवर बघून लंडन, ॲमस्टरडॅम, फ्रँकफर्ट अशी नावं वाचली. बाईंनी तिला मध्येच थांबवलं. "फ्रँकफर्ट." मला वाटलं, तिथली वेळ सोयीची असेल.

विमानतळावर सोडायला मी गेले, कारण एवढ्या बॅगांना दोन गाड्या लागणार होत्या. संजयच्या मुलांनी एकसारखे लाल टी-शर्ट घातले होते. प्रशांत हातात सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन टोकियोच्या रांगेकडे निघाला आणि मागे वळून म्हणाला, "चल आई."

"माझी रांग पलीकडे आहे," बाई म्हणाल्या आणि तिकीट त्याच्या हातात दिलं.

त्यानं ते वाचलं. परत वाचलं. "आई, हे काय? अगं आपण टोकियोपर्यंत एकत्र गेलो असतो ना."

"आणि तिथून तुम्ही बाहेर गेला असता. मी काचेच्या आत बसून बघत राहिले असते." त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. "तेवढं मला जमणार नाही, प्रशांत. बाकी मी सगळं केलं असतं."

प्रशांतनं तिकीट आईच्या पासपोर्टमध्ये घालून तिला परत दिलं. तो वाईट मुलगा नव्हता, हे मला तेव्हा दिसलं, कारण त्याचे डोळे भरून आले होते. "मी फोटो आणतो तुझ्यासाठी," तो म्हणाला.

"कशाचे?"

मेघना रियाच्या टोपीची पट्टी नीट करायला लागली. रियानं वर बघून विचारलं, "Dad, why aren't we going to Aaji's place?" कुणी उत्तर दिलं नाही. तिला वर्गाबाहेर मात्र कुणी उभं केलं नाही. बाईंनी खाली वाकून तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मजा कर. खिडकी मिळाली तर सोडू नकोस."

टोकियोची रांग भराभर पुढे सरकली. प्रशांत सारखा मागे वळत होता आणि मग दिसेनासा झाला. मी बाईंची बॅग ढकलत त्यांच्याबरोबर दुसऱ्या रांगेत उभी राहिले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, प्रशांतचा, त्या रंगीत रकान्यांचा, सगळ्याचाच. बाई मात्र काहीतरी हिशेब करत असल्यासारख्या वर छताकडे बघत होत्या.

काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "Travelling alone, ma'am?"

"Yes. Window, please. Left side."

त्यानं कीबोर्डवर शोधलं. डावीकडची एक खिडकी होती, पण अगदी शेवटच्या रांगेत, टॉयलेटजवळ. पुढे चांगली जागा होती, मधली. बाई म्हणाल्या, "Last row is very good."

"बाई, बारा तास टॉयलेटजवळ बसणार?" मी मराठीत म्हटलं. "कशासाठी?"

त्या माझ्याकडे वळल्या. "अगं, विमान वायव्येकडून उतरत येतं. फ्रँकफर्टच्या आधी जर्मनीतलं रुहरचं खोरं लागतं. डावीकडे यायला हवं." आणि मला काहीच उमगलं नाही असं बघून त्यांनी धड्यातलं वाक्य सांगितलं, "कोळसा, लोखंड आणि पोलाद. इयत्ता नववी."

"ढग असतील, बाई," मी म्हटलं. हे म्हणायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"असू देत," बाई म्हणाल्या. बोर्डिंग पास घेतला, त्यावरचा सीट नंबर चष्मा वर करून तपासला आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मागच्या माणसांना आधी जाऊ देण्याची त्यांची सवय होती. त्या दिवशी मात्र त्यांनी कुणालाच पुढे जाऊ दिलं नाही.